कंडक्टरबाईची कमान

या, इकडे या, जवळ सरका. आणि हे काय, आल्या आल्या भिंतीला टेकून, मान मोबाइलात घालून, पोक काढून बसलात? तुम्हा लोकांना किती वेळा सांगायचं? बरं झालं ती इथं नाही. ती असती तर चहा यायच्या आधी तुमच्या मागे येऊन उभी राहिली असती, खांद्याच्या दोन पात्यांच्या मधोमध बोट टेकवलं असतं आणि पूर्ण गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली असती, "तिकीट पडलं!"

घाबरू नका, असं ती सगळ्यांनाच म्हणायची. सारी उमर तिनं बसवर कंडक्टरकी केली. रिटायर झाली तरी आमच्या वस्तीत तिला कोणी नावानं हाक मारली नाही, कंडक्टरबाईच म्हणायचे. तिचं म्हणणं असं, की माणसानं आपल्या पाठीत, दोन्ही पात्यांच्या मध्ये, एक तिकीट धरलं आहे असं समजावं. पाती मागं ओढायची, थोडी खाली दाबायची, म्हणजे तिकीट घट्ट राहतं. खांदे पुढं गळाले की तिकीट पडलं. "आणि चेकर कधीही चढतो, मावशी," असं वर डोळे मोठे करून सांगायची.

दिसायला कशी होती म्हणाल, तर रुंद. उंची बेताची, मनगटं जाड, केस एकदम बारीक कापलेले. निळा ट्रॅकसूट, तोच रोज, आणि त्याला इस्त्री. ट्रॅकसूटला इस्त्री करणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. चहा मात्र इतका वाईट करायची की तिच्या घरी जाताना मी आपली पिऊनच निघायची. पण चालायला लागली की बघत राहावं. छाती पुढं, नजर समोर, पाय असे टाकायची की जणू खालची जमीन आता वळण घेणार आहे. बुटीबोरीच्या गाडीवर तिनं खूप वर्षं काढली होती. कारखान्याच्या पाळीची गच्च भरलेली गाडी, एका हातात पैसे, दुसऱ्या हातात तिकिटं, धरायला हात कुठून आणणार? ती म्हणायची, "पायानं धरलं मी गाडीले. हातानं नाई."

आमची ओळख चक्कीवर झाली. मी ब्लाउज शिवते, अजूनही शिवते, आणि तेव्हा माझा उजवा खांदा असा धरला होता की दळणाचा डबा काट्यावर ठेवता येईना. डॉक्टरनं तपासून सांगितलं होतं की आत काही तुटलं-फाटलं नाही, हलका व्यायाम करा. पण हलका व्यायाम म्हणजे काय, हे काही त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी डब्याशी झटत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मावशी, खांद्याले काहून शिव्या देऊन राहिल्या? त्याची काही गलती नाई."

"मग कोणाची गलती आहे वं?"

"पाठीची. पाठ झोपली तुमची. ती झोपली म्हणून खांदा डबल ड्युटी करून राहिला." आणि माझा डबा तिनं काट्यावर असा ठेवला, जशी आपण उशी ठेवतो. "उद्या सकाळी व्यायामशाळेत या."

मी हसले. म्हटलं, "तिथं तर पोरं दंड-बैठका काढतात."

"सकाळचा एक तास बायांचा आहे. मी भांडून घेतला. या."

आमची व्यायामशाळा म्हणजे टिनाच्या छताचा एक हॉल. पूर्वी आखाडा होता. माती गेली, लोखंड आलं, पण एका कोपऱ्यात जुनी गादी अजून पडलेली होती. चावी मंडळाची, सकाळच्या तासापुरती कंडक्टरबाईकडे, आणि मंडळाचे अध्यक्ष माझे मोठे दीर. त्यांना सारी वस्ती पहिलवान म्हणते. तरुणपणी खाप्यापासून पारशिवनीपर्यंत कुस्त्या मारलेला माणूस. त्यांच्यासमोर मी कधी मोठ्यानं बोलले नाही. तर अशा जागी सलवार घालून जायचं म्हणजे मला पहिल्या दिवशी रस्ता लांबच लांब वाटला.

तिथं एक बाकडं होतं, अरुंद. त्यावर उताणं निजायचं, वरच्या खुंटांवरून लोखंडी दांडा उचलायचा, छातीपर्यंत आणायचा आणि परत वर ढकलायचा. ह्याला बेंच प्रेस म्हणतात हे मला तिनंच सांगितलं. मी निजले. ती डोक्याशी उभी राहिली आणि सुरू झाली.

"पाय जमिनीत रोवा. सीट सोडू नका. डोकं टेकलेलं. आता तिकीट धरा. धरलं? आता छाती छताले दाखवा."

छाती वर केली की कमरेखाली आपसूक जागा होते. कमान म्हणतो ना आपण, तशी. मला वाटलं हे आपलं चुकलं. दुसऱ्या दिवशी मी घरून एक छोटी उशी घेऊन गेले आणि त्या जागेत सारली. तिनं पाहिलं.

"हे काय मावशी?"

"अगं, पोकळी राहते ना खाली. म्हटलं भरून काढावी."

"बाळंतीण आहे का तुमी?" तिनं उशी ओढून अशी फेकली की ती खिडकीत जाऊन बसली. "ती जागा तुमच्या पाठीनं राखाची आहे, उशीनं नाई. पाठीच्या खालून भाकर सरकली पाहिजे, मांजर नाई!"

हे तिचं माप. भाकर जाईल एवढी कमान आम्हा साध्या बायांसाठी. मांजर जाईल एवढी केली तर ते कंबर दुखवून घेणं, असं ती म्हणायची. तिची स्वतःची कमान मोठी होती, पण ती दाखवताना आधी बोट नाचवायची, "माझं पाहून करू नका. ही कमावलेली आहे."

मी विचारायची फार. अजूनही विचारते, सवय आहे. मी विचारलं, "वजन तर हातानं उचलायचं, मग पाठीचं एवढं कौतुक कशाला?" तर तिनं माझाच हात धरून मला दाखवलं. दांडा खाली येताना छातीचे स्नायू ताणले जातात, वर जाताना तेच ढकलतात, शेवटी कोपर सरळ करायला दंडाची मागची बाजू लागते, खांद्याचा पुढचा भाग मदतीला असतोच. "हे झालं इंजिन," ती म्हणाली. "आन् पाठ म्हणजे रस्ता. रस्ता खचला तर इंजिन काय करीन?" पाती मागं घट्ट बसली की पाठीचे रुंद स्नायू खालून दांड्याला आधार देतात, खांद्याच्या सांध्यात जागा राहते. कोपरं पंखासारखी बाहेर फेकायची नाहीत, थोडी आत. दांडा गळ्यावर आणायचा नाही, छातीच्या खालच्या अंगाला टेकवायचा. आणि पाय? पाय तर बुटीबोरीची गाडी. जमीन ढकलायची, म्हणजे जोर पायातून निघून पाठीतून वर जातो. पण ढुंगण बाकड्यावरून उठलं की ती लगेच, "सीट सोडली! उभ्यानं प्रवास करा आता!"

एवढी बोलणारी बाई, पण स्वतः बाकड्यावर निजली की गप्प व्हायची. हे तुम्ही पाहायला पाहिजे होतं. आधी डोळे दांड्याखाली येतील अशी सरकायची. दोन्ही टाचा मागं ओढून घ्यायची. मग पाती एक-एक करून पाठीखाली खोचायची, जशी आपण अंथरुणाची चादर गादीखाली खोचतो तशी. श्वास भरायची. छाती वर यायची आणि ती जाडजूड, बुटकी बाई एकदम पुलासारखी दिसायला लागायची. दोन्ही बाजूला लोखंडाच्या चकत्या, दांडा मधोमध थोडा वाकलेला. तो छातीवर येऊन क्षणभर थांबायचा. थांबलाच पाहिजे, उडवायचा नाही, असा स्पर्धेचा नियम, आणि नोकरीत असताना ती स्पर्धांत उतरलेली. आणि मग वर. आवाज नाही, आरडाओरडा नाही. पोरं करतात तसा दांडा आपटणं तर नाहीच. ठेवायची अशी, की खुंटाला लागल्याचं कळायचं नाही. आम्ही साऱ्या भिंतीशी उभ्या राहून पाहायचो. आमच्यात एक धुणीभांडी करणारी होती, एक शाळेतली बाई होती, पोळ्या लाटून देणारी होती. आमच्यातल्या कोणालाही घरात एवढी जागा कधी मिळाली नव्हती, की हातपाय पसरून, छाती भरून श्वास घ्यावा आणि कोणी म्हणू नये की उठ.

म्हणणारे निघालेच. उन्हाळ्याचे दिवस होते, टिनाखाली भट्टी पेटायची, म्हणून दरवाजा उघडा असायचा. रस्त्यानं जाणारे येणारे पाहायचे. मग कुजबुज झाली, मग मंडळाकडे तक्रार गेली. एके दिवशी तास संपताना भाऊजी दारात येऊन उभे राहिले, आत न पाहता.

"बाई," ते तिला म्हणाले, "व्यायामाले ना नाई आमची. पण हे असं छाती वर, पोट वर करून निजणं काही बरं दिसत नाई. लोकं बोलून राहिले."

"कोण लोकं जी?"

"लोकं. सपाट निजून करा, नाई तर दरवाजा लावून घ्या."

"या गरमीत दरवाजा लावला तर बाया भाजून निघतीन, पहिलवान. आन् आमी का चोरी करून राहिलो? सपाट केलं तर खांदे जातीन. शिलाईनं, पोळ्यानं आधीच गेले या बायांचे."

भाऊजींनी मान हलवली. वाईट माणूस नाही तो. पण मंडळात चार लोक, चार तोंडं. "रविवारपर्यंत ठरवा," ते म्हणाले. "नाई तर चावी परत द्या."

आता चावी परत म्हणजे सकाळचा तास गेला. त्याच्या बदल्यात दुसरी जागा काही मिळणार नव्हती. त्या दिवशी साऱ्या जणी माझ्या अंगणात बसलो. शाळेतली बाई म्हणाली, "जाऊ द्या ना, सपाट करू. काय फरक पडते?" पोळ्यावाली म्हणाली, "हो ना, तास तरी राहीन." मीही मान डोलवली. मला वाटलं आता कंडक्टरबाई भडकते. ती भडकली नाही. म्हणाली, "ठीक आहे. उद्या सपाट करू."

दुसऱ्या दिवशी तिनं खरंच आम्हाला सपाट निजवलं. तिकीट नाही, कमान नाही, खांदे सैल. वजनही रोजचंच, नेहमीचाच दांडा. "करा. आन् मले सांगा कुठं लागते." पोळ्यावालीनं चार वेळा केलं आणि दांडा खुंटावर ठेवून उठून बसली. खांद्याच्या पुढच्या टोकावर बोट ठेवून म्हणाली, "इथं. इथंच सारं येऊन राहिलं." शाळेतल्या बाईचंही तेच. माझी तर पाळी यायच्या आधीच मी म्हटलं, "बाई, मले नाई कराचं." मग पुन्हा कोणी सपाटचं नाव काढलं नाही.

पण आम्हाला पटून काय उपयोग? चावी ठेवायची की नाही ते भाऊजींच्या हातात. शनिवारी ती सरळ आमच्या मोठ्या घरी, भाऊजींकडे गेली. मला सोबत नेलं. मला वाटलं आता भांडण होते. तर हिनं हात जोडले आणि म्हणाली, "पहिलवान, उद्या सकाळी आमच्या तासाले या जी. बायांले कुस्ती समजून घ्याची आहे."

कितीतरी वर्षांत भाऊजींना कुस्तीबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. घरातली पोरं तर ऐकायलाही बसत नाहीत. "येतो," म्हणाले. आतून माझी मोठी जाऊ पाणी घेऊन आली होती, ती तांब्या हातात धरून उभीच राहिली.

रविवारी भाऊजी आले. धोतर, पांढरा सदरा, खुर्चीवर बसले. सुरुवातीला नुसतेच बोलत होते, पकड अशी, टांग अशी. मग कंडक्टरबाईनं विचारलं, "पहिलवान, दोन्ही खांदे मातीले टेकले का माणूस चीत, होय ना?"

"होय."

"मग वरचा माणूस दाबून राहिला, तुमी खाली. अशा वेळी काय करत होते?"

"पूल बांधाचा." त्यांनी हातानं हवेत कमान काढून दाखवली. आम्हाला नीट समजलं नाही. पोळ्यावालीनं विचारलं, "म्हणजे कसा जी?" त्यांनी पुन्हा हातानं दाखवलं. पुन्हा समजलं नाही. मग त्यांना राहवलं नाही. चष्मा काढून माझ्या हातात दिला, कोपऱ्यातल्या जुन्या गादीवर जाऊन उताणे झाले, पाय रोवले आणि पाठ उचलली. फार नाही, वय झालं त्यांचं. पण छाती वर आली, पोट वर आलं आणि चेहरा असा झाला की मी त्या घरात आले तेव्हाचे तरणेबांड भाऊजी मला दिसले.

कंडक्टरबाई त्यांच्याशेजारी उकिडवी बसली. हळूच म्हणाली, "हे पाहा वं. छाती वर, पोट वर. कोणाले वाईट दिसलं का?"

भाऊजी हळूहळू खाली आले, उठून बसले. अंगावरची धूळ झटकली. "ते वेगळं," म्हणाले.

"वेगळं आहेच जी. तुमी खांदे उचलत होते, आमी खांदे रोवतो. पण पाठ काहून उचलत होते तुमी? कोणाले दाखवाले?"

"दाखवाले कायले? हराचं नाई म्हणून."

"आमचंही तेच आहे, पहिलवान."

भाऊजींनी चष्मा मागून घेतला. आणि तसेच निघून गेले. चावी आमच्याकडे राहू दिली की मागायची विसरले, हे कोणाला कळेना. सोमवारी सकाळी आम्ही भीतभीत निघालो. कुलूप बदललं असेल, असं पोळ्यावाली वाटभर म्हणत होती. कोपऱ्यावरून वळलो तर दरवाजा उघडा, अगदी दोन्ही फळ्या. आणि दाराबाहेर लोखंडी खुर्ची टाकून, आमच्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून भाऊजी पेपर वाचत बसलेले.

आम्ही थबकलो. त्यांनी मागं न पाहता विचारलं, "काय झालं? सुरू करा ना."

त्यानंतर ते रोज बसायला लागले. एखादा मोटरसायकल हळू करून आत डोकावायला लागला की ते पेपर जरासा खाली करायचे. बस, तेवढंच. कंडक्टरबाईनं कधी त्यांना चिडवलं नाही, कधी आभारही मानले नाहीत. आठवड्यातून एकदा तो तिचा भयंकर चहा थर्मासमध्ये भरून आणायची आणि त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवायची. ते पिऊन टाकायचे. कुस्ती मारलेला माणूस, सहन करायची ताकद असते.

मग गेल्या दिवाळीनंतर तिची आई पारशिवनीला पडली. खुब्याचं हाड मोडलं. भाऊ शेतात, भावजय एकटी. ही म्हणाली, महिनाभर जाऊन येते. जाताना चावी माझ्याकडे दिली आणि बाकड्यावर मला निजवून एकदा सारं तपासून घेतलं, पाय, सीट, पाती, सारं. "आता तुमी डोक्याशी उभ्या राहाल," म्हणाली. महिना होऊन गेला, आणखी गेले. आई आता काठीनं अंगणापर्यंत चालते, पण रात्री एकटी राहत नाही. मी तास चालवते. नव्या दोघी आल्यात. तिच्यासारखं मला ओरडता येत नाही, पण काम चालतं.

आणि आता ज्यासाठी तुम्हाला जवळ बसवलं ते सांगते. परवा सकाळी दारात माझी मोठी जाऊ उभी. आमच्या जाऊबाईंनी आजवर सासरे-दीर घरात असताना खाटेवर पाय पसरला नाही. साडी नेसलेली, पदर खोचलेला, खाली कोणाची तरी सलवार. भाऊजी बाहेर खुर्चीवर होतेच. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. सरळ आत आली, बाकड्यावर निजली आणि छताकडे पाहत मला म्हणाली, "सांग वं, आता काय करू?"

तिचे पाय जमिनीला पुरेनात. लोंबकळायला लागले. आम्ही साऱ्या एकमेकींकडे पाहतो. मी कंडक्टरबाईला व्हिडिओ फोन लावला.

"बाई, बाकड्यावर कोण आहे सांग."

फोनमध्ये तिचा चेहरा आला, मागे कोंबडी ओरडत होती. "कोण? साडी नेसून कोण निजली वं?"

"जाऊबाई."

तिनं फोन तोंडाशी ओढला. मग हळूच म्हणाली, "पहिलवानाच्या घरची?"

"हो."

"ते आहेत का बाहेर?"

"आहेत. केव्हाचं एकच पान वाचून राहिले."

ती हसली नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. मग एकदम कामाचा सूर लागला. "पायाखाली विटा द्या. दोन्हीकडं सारख्या. मोठ्या बाई, ऐकून राहिल्या ना? पाय रोवा. आता छाती उचला. मावशी, पाठ कशी दिसते?"

मी फोन बाकड्याखाली धरला, बाजूला धरला, वरून धरला. तिला दिसलं ते छताचा पंखा, माझा अंगठा आणि जाऊबाईंचा पदर. "अवं काहीच दिसून नाई राहिलं मले! मावशी, तुमी पाहा ना!"

"मले जेवढं समजते तेवढं पाहिलं," मी म्हटलं. "बाकीचं तू पाहून घे. अन् एक ऐक. आईले घेऊनच ये. माझी समोरची खोली रिकामी आहे, खाट आहे, संडास घरातच आहे, मी दिवसभर शिलाईवर असते, तिच्याजवळ बसीन. उगा कारणं सांगू नको. जाऊबाई रोज येईन म्हणते. लवकर ये वं बाई."